उघडीप लांबली तर: पाण्याच्या ताणात पानांवरून पिकाला आधार देण्याची रीत

ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इथल्या दुष्काळावर कुणी लिहायला बसला तर सोलापूरकडचा माणूस हसेल. पण मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे ज्याला माहीत आहे तो हसणार नाही. उताराची जमीन, मातीचा थर पातळ, खाली काळा पाषाण. पाणी येतं तसं निघून जातं. आठ-दहा दिवस पाऊस थांबला की वरच्या अंगाच्या खाचरांना भेगा पडायला लागतात. ऑगस्ट २०२३ तर देशभरातल्या १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

आपल्याकडे पिकाला ताण बसतो तो मुख्यतः तीन वेळा. ऑगस्टअखेरच्या उघडिपीत हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात पोटरीत (लोंबी अजून पानाच्या आवरणात) असतं, तेव्हा पहिला. पाऊस सप्टेंबरातच आटोपला तर उशिरा निसवणाऱ्या (लोंब्या बाहेर टाकणाऱ्या) गरव्या भाताला दुसरा. आणि तिसरा दिवाळीनंतरचा: भात काढलेल्या खाचरातल्या ओलीवर उभा असलेला वाल, आणि मुरबाड-शहापूर भागातली भेंडी, जिची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवायला लागते. अशा वेळी शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो, "ताणावर काहीतरी टॉनिक द्या" म्हणतो, आणि चकचकीत बाटली घेऊन परत येतो. त्या बाटलीत काय असावं, ती कधी मारावी आणि कधी अजिबात मारू नये, हे या लेखात क्रमाने पाहू.

आधी एक हिशोब

एकराला २०० लिटर पाणी फवारलं, तर जमिनीवर त्याचा थर होतो ०.०५ मिलिमीटर. भर उन्हात उभं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतं, म्हणजे एकरी सोळा ते वीस हजार लिटर. फवारणीनं पिकाला पाणी मिळत नाही, हे या दोन आकड्यांतच आलं. खताचंही तसंच. १३:००:४५ हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश यांच्या टक्क्यांचे) एक टक्क्यानं फवारलं तर एकरी दोन किलो लागतं आणि त्यातून पालाश जातं ९०० ग्रॅम. सुधारित भाताला हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र-स्फुरद-पालाश सांगितलं जातं. म्हणजे एकरी वीस किलो पालाशाच्या जागी हे एक किलोसुद्धा नाही.

मग फवारायचं कशाला? कारण ताणात मुळं थांबतात. अन्नद्रव्यं मातीतल्या पाण्यातूनच मुळाशी येतात. माती सुकली की खत जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. पानातली पर्णरंध्रं उघडणं-मिटणं हे काम बरंचसं पालाशावर चालतं. पालाश कमी पडलं की रंध्रं वेळेवर मिटत नाहीत आणि उरलंसुरलं पाणीही उडून जातं. अशा वेळी पानावरून थोडंसं पालाश आणि नत्र मिळालं तर पान पिवळं पडणं लांबतं, दाण्याकडे अन्न जाणं चालू राहतं. यातून मिळते ती मुदत, काही दिवसांची. तेवढ्यात पाऊस आला किंवा एक पाणी देता आलं, तर फवारणी कामी आली. दोन्ही झालं नाही, तर कुठलीच बाटली पीक वाचवत नाही.

पायरी १: सकाळी शेतात जा

दुपारी बाराला मान टाकलेली भेंडी पाहून पंप उचलू नका. दुपारी तर पाणी दिलेल्या भेंडीचीसुद्धा पानं लोंबतात. खरी स्थिती कळते सकाळी सहा-सातला, ऊन चढायच्या आत. रात्रीत झाड मुळांवाटे पाणी ओढून पानं पुन्हा ताठ करतं. ते त्याला जमलं की नाही, एवढंच पाहायचं.

दुपारी पान मलूल आणि संध्याकाळी पुन्हा ताठ, अशी अवस्था असेल तर ताण नुकता सुरू झालाय. फवारणीची तयारी करा, घाई नाही. संध्याकाळीही मलूल, पण सकाळी ताठ, हीच फवारणीची नेमकी वेळ. सकाळीही पान लोंबलेलंच असेल, तर फवारू नका. अशा पानाची रंध्रं मिटलेली असतात, आतलं पाणी संपलेलं असतं. बाहेरून क्षाराचं पाणी घातलं की कडा करपतात. तिथं घोटभर का होईना, मुळाशीच पाणी हवं.

भाताची खूण निराळी. भाताचं पान ताणात लांबीनं सुरळीसारखं गुंडाळतं. दुपारी गुंडाळलेलं पान संध्याकाळी उलगडत असेल तर वेळ हातात आहे. सकाळीच गुंडाळलेलं दिसलं तर उशीर झाला. खाचरातलं उभं पाणी आटून चिखल मऊ आहे, केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्यात, या टप्प्याला पहिली फवारणी बसायला हवी. बोट जाईल एवढी भेग पडली की मातीबरोबर मुळंही तुटलेली असतात.

आणखी एक गोष्ट पंप उचलण्याआधीच करायची. पान उलटं करून पाहा. कोरड्या हवेत भेंडीवर लाल कोळी वाढतो आणि पानं फिकट, ठिपकेदार होतात. लांबून ते ताणासारखंच दिसतं. कोळ्यावर पोटॅश मारून काही होत नाही.

पायरी २: जमिनीकडचं काम आधी

हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि थेट फवारणीचा डोस विचारतात. तरी सांगतो, कारण इथं वाचणारं पाणी फवारणीच्या कितीतरी पट असतं.

भातात उघडीप सुरू झाली की त्याच दिवशी बांधावरून फिरा. पाणी सोडायचं तोंड बुजवा. खेकड्यांची बिळं चिखलानं ठेचून बंद करा. एका रात्रीत खाचर रिकामं करायला दोन-तीन बिळं पुरतात. बेणणी राहिली असेल तर उरकून घ्या, कारण तण भाताच्या तोंडचं पाणी पितं. युरियाचा राहिलेला हप्ता मात्र कोरड्या खाचरात टाकू नका. पाऊस येईपर्यंत थांबा.

भेंडीच्या सरीत भाताचा पेंढा, गवत, पालापाचोळा, जे हाताशी असेल ते तीन-चार बोटं जाड पसरा. मातीचा वरचा थर हलक्या हातानं मोडून ठेवला तरी भेगांतून उडणारं पाणी थांबतं. विहिरीत पाणी कमी असेल तर सगळ्या सऱ्यांना थोडं-थोडं देण्यापेक्षा एक आड एक सरी भरा आणि पुढच्या पाळीला उरलेल्या सऱ्या घ्या.

पायरी ३: कशात काय आहे

दुकानात ज्या नावाखाली हे विकलं जातं ती नावं बाजूला ठेवा. आतला घटक वाचा.

*१३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट.* ताणासाठी मी सर्वांत आधी हेच घेईन. पालाशही आहे, थोडं नत्रही आहे आणि पाण्यात सहज विरघळतं. भाताला एक टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, सोळा लिटरच्या पंपाला १६० ग्रॅम. भेंडी, काकडी यांसारख्या मऊ पानाच्या पिकाला निम्म्यापासून सुरुवात करा, पंपाला ८० ग्रॅम. पान सोसतंय असं दिसलं तर पुढच्या वेळी वाढवा. बादलीत विरघळवताना पाणी एकदम गार पडतं. ते तसंच व्हायचं असतं, खत भेसळीचं आहे असं समजू नका.

नत्र नको असेल, म्हणजे भात दाणे भरण्याच्या अवस्थेत हिरवंगार आहे आणि आणखी हिरवं व्हायला नको, तर ००:००:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट घ्या, प्रमाण तेच. ते सावकाश विरघळतं, घाई केली तर नोझल तुंबतं. शेतात टाकायचं लाल पोटॅश पाण्यात कालवून मारण्याचा मोह होतो, कारण घरात पडलेलं असतं. त्यातला लाल गाळ विरघळत नाही आणि क्लोराइडमुळे पानं भाजण्याचा धोका जास्त.

*युरिया.* दोन टक्के म्हणजे पंपाला ३२० ग्रॅम, भात आणि वालासाठी. भाजीला एक टक्क्याच्या वर जाऊ नका. सर्वांत स्वस्त आणि पानात सर्वांत लवकर शिरणारं हेच. मात्र नत्रानं पान कोवळं, लुसलुशीत होतं आणि पान कोवळं झालं की वालावर मावा जमतो. मावा आधीच दिसत असेल तर युरियाचा विचार सोडा.

*डीएपी.* हे नत्र आणि स्फुरद देणारं दाणेदार खत. दोन टक्के, कडधान्याला फुलोऱ्याच्या सुमारास. रात्री बादलीत भिजत घाला, सकाळी न ढवळता वरची निवळी गाळून घ्या. तळाचा गाळ शेतात टाका, पंपात नको.

*केओलिन.* ही पांढरी, अगदी बारीक दळलेली माती. यात अन्नद्रव्य काही नाही. पानावर पांढरा थर बसतो, ऊन परतवतो, पान थंड राहतं आणि पाणी कमी उडतं. पाच टक्के, म्हणजे पंपाला ८०० ग्रॅम, एकराला दहा किलो. खतं पानाच्या खालच्या बाजूला लागली तर चांगलं, कारण बहुतेक पिकांत रंध्रं तिथं जास्त असतात. केओलिन मात्र वरच्या बाजूलाच हवं, ऊन तिथं पडतं. आपल्याकडे पावसाळ्यात याचा उपयोग नाही, पहिल्या सरीत धुऊन जातं. आणि तोडणी चालू असलेल्या भेंडीवर तर मुळीच नको. पांढुरकी भेंडी वाशीच्या मार्केटात कोण घेईल? केओलिनची खरी जागा म्हणजे फेब्रुवारी ते मेमधली आंबा-काजूची लहान रोपं. त्यांच्याबद्दल पुढे.

*समुद्री शेवाळाचा अर्क.* लिटरला दोन ते तीन मिली. भारतातला बराचसा अर्क कप्पाफायकस या शेवाळाचा असतो, ते तमिळनाडूच्या किनाऱ्यावर शेतात लावल्यासारखं वाढवतात. थंड समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा आयात केलेला अर्कही मिळतो. दोन्ही कामाचे, पण ताण पडण्याआधी. पान वाळायला लागल्यावर मारलेला अर्क म्हणजे पैसे वाया. हवामान अंदाजात पुढचे आठ दिवस कोरडे दिसत असतील, तेव्हा मारा.

*सिलिकॉन.* भात हे मातीतून भरपूर सिलिका उचलणारं पीक. भाताच्या पानाची धार जी हाताला कापते ती त्याचीच. सिलिका मिळालेलं पान ताठ राहतं, पाणी कमी उडवतं. ऑर्थोसिलिसिक आम्ल बाटलीवरच्या प्रमाणात, फुटव्यांच्या काळात एकदा आणि पोटरीत एकदा. पोटॅशियम सिलिकेट वापरत असाल तर ते एकटंच फवारा. ते तीव्र अल्कधर्मी असतं आणि टाकीत दुसऱ्या औषधांचं दही करतं.

*सॅलिसिलिक आम्ल.* झाडाच्या अंगच्या ताण सोसण्याच्या यंत्रणेला जागं करणारा घटक. शंभर पीपीएम, म्हणजे सोळा लिटरला जेमतेम १.६ ग्रॅम. थेट पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. इतकं बारीक वजन करायला काटा घरात नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. अंदाजानं टाकलेलं जास्त झालं की उलटंच होतं.

*पीपीएफएम.* हे पानांवर राहणारे गुलाबी रंगाचे जिवाणू. तमिळनाडू कृषी विद्यापीठानं ताणासाठी एक टक्क्याची शिफारस केली, पंपाला १६० मिली. ताजं मिळालं तर जरूर घ्या. जिवंत माल आहे, तो बुरशीनाशकाबरोबर मिसळला किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर मेलेले जिवाणू फवाराल.

बाटलीवर 'ताणरोधक', 'चमत्कारी' असं लिहिलेलं आणि घटक कुठंच नाही, असा माल परत करा. जैव-उत्तेजकं फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली. तेव्हापासून बाटलीवर घटक, प्रमाण आणि पीक लिहिलेलं असणं ही काही उपकाराची गोष्ट राहिलेली नाही. निर्यातीची भेंडी करणाऱ्यांनी तर याबाबत कडकच राहावं. निनावी टॉनिकात कीटकनाशक मिसळलेलं असलं, तर तुम्ही न मारलेल्या औषधाचा अंश तुमच्या भेंडीत सापडतो आणि माल परत येतो. पक्कं बिल घ्या आणि रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत ठेवा.

पायरी ४: पाणी तपासा

पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप लावून धरलेलं पावसाचं पाणी फवारणीला उत्तम. उन्हाळ्यात प्रश्न येतो. बोअरचं पाणी जड असतं. भांड्यावर पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी फवारणीलाही वाईटच. भिवंडी-कल्याणकडच्या खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ताणात असलेल्या पानावर मचूळ पाण्यात कालवलेलं खत म्हणजे मिठावर मीठ. तिथं दोन पिंपं गोड पाणी लांबून आणणं परवडतं, एकराला लागतंच किती? सामूची (पीएचची) पट्टी दुकानात मिळते. साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये सामू असावा. जास्त असेल तर चिमूटभर सायट्रिक आम्ल घाला, ढवळा, पुन्हा पट्टी बुडवा.

पायरी ५: पंप आणि माप

एकराला २०० लिटर म्हणजे गुंठ्याला पाच लिटर, म्हणजे एक सोळा लिटरचा पंप साधारण तीन गुंठ्यांना. औषध न घालता नुसतं पाणी भरून तीन गुंठे चालून पाहा. दोनच गुंठ्यांत पंप संपला तर तुम्ही सावकाश चालताय किंवा नोझल झिजलंय, आणि त्याच हिशोबानं खतही दीडपट पडेल. पाच गुंठे झाले तर पानं नीट भिजलीच नाहीत. भेंडी लहान असताना पाणी कमी लागतं, हेही या चाचणीतच कळतं. नोझल पोकळ शंकूचं घ्या, तुषार बारीक हवा, पण वाऱ्यावर धुरासारखा उडणारा नको.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. हे ओरडून सांगायची गरज आहे. भातात २,४-डी मारलेला पंप नुसता विसळून भेंडीत किंवा वालात नेला, तर उरलेल्या अंशानंही पानं वळतात, शेंडे मुरडतात. मग माणूस म्हणतो पोटॅशनं पीक जाळलं. दुसरा पंप घ्यायची ऐपत नसेल तर शेजाऱ्याचा मागून आणा, पण त्यानं त्यात काय मारलं होतं ते आधी विचारा.

कालवण्याची रीत अशी. टाकीत अर्धं पाणी. खत बादलीत पूर्ण विरघळवून सुती कापडातून गाळून टाकीत. वर उरलेलं पाणी. सर्वांत शेवटी स्टिकर, म्हणजे थेंब पानावर पसरवून चिकटवणारं द्रव, लिटरला अर्धा मिली. आधी टाकलं तर फेसानं टाकी उतू जाते. भाताच्या आणि अळूसारख्या मेणचट पानांवर स्टिकरशिवाय थेंब मोत्यासारखा घरंगळून खाली जातो. केओलिन मारताना टाकी सतत हलवत राहा, नाहीतर सगळं तळाशी बसतं.

कॅल्शियम नायट्रेट हे ००:००:५०, डीएपी किंवा ००:५२:३४ यांच्याबरोबर कधी मिसळू नका. टाकीत साका होतो. तांब्याच्या बुरशीनाशकाबरोबरही यातलं काही नको. खरं तर ताणातल्या पिकावर एका वेळी एकच गोष्ट मारावी, असं माझं मत. मजुरी वाचवायला चार बाटल्या एका टाकीत ओततात, मग पान करपलं तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही.

चार-पाच झाडांवर आदल्या दिवशी मारून पाहा. चोवीस तासांत कडा तपकिरी झाल्या नाहीत तर बाकी शेत.

पायरी ६: दिवसातली वेळ

पानात खत शिरतं ते थेंब ओला असेपर्यंत. थेंब वाळला की वर क्षार उरतो, आत जाणं थांबतं. म्हणून दुपार वर्ज्य. सकाळी साडेसहा ते साडेनऊ किंवा संध्याकाळी साडेचारनंतर.

या दोनपैकी कोणती, ते पिकावर ठरतं. भाताची फुलं सकाळी नऊ ते दुपारी बाराच्या दरम्यान उघडतात. निसवण चालू असेल तर सकाळी पंप घेऊन खाचरात शिरू नका, संध्याकाळचीच वेळ. भेंडीचं फूलही सकाळी उमलतं आणि त्यावर मधमाश्या असतात, म्हणून भेंडीलाही संध्याकाळ बरी, आणि तीही तोडणी झाल्यावर. वालाला डिसेंबरात दव पडतं. संध्याकाळी मारलं की रात्रीच्या दमटपणानं थर ओला राहतो, पहाटे दवानं पुन्हा विरघळतो आणि पान आणखी घेतं. पण इतकं दव पडत असेल की पानांवरून ठिबकतं, तर तेच दव खत धुऊन नेतं. अशा पट्ट्यात सकाळी दव ओसरल्यावर लगेच मारा.

पुढच्या चार-सहा तासांत सर येण्याची शक्यता असेल तर थांबा. येणारी सर कुठल्याही फवारणीपेक्षा भारी. हवामान खात्याचा जिल्हानिहाय कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत अ‍ॅपवर मराठीत वाचता येतो. तो पाहून दिवस ठरवा.

हातमोजे, तोंडाला रुमाल, पूर्ण बाह्यांचा सदरा. खतच तर आहे म्हणून उघड्या अंगानं मारतात, पण डोळ्यात गेलेलं खतही झोंबतंच.

पिकाप्रमाणे वेळापत्रक

हळवं भात: उघडीप पाच-सहा दिवसांची झाली आणि पीक पोटरीत आहे, तर १३:००:४५ एक टक्का. पाऊस नाहीच आला तर दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पोटरी ते फुलोरा हा भाताचा सर्वांत नाजूक काळ. या दिवसांतल्या ताणानं लोंब्या पोचट राहतात आणि नंतर कितीही पाऊस पडला तरी ते दाणे भरत नाहीत. फुटव्यांच्या काळातला ताण मात्र भात बऱ्यापैकी भरून काढतं. तेव्हा पैसा खर्चायचाच असेल तर पोटरीत खर्चा.

गरवं भात सहसा खोलगट, ओल धरणाऱ्या खाचरात असतं. त्याला गरज पडते ती पाऊस लवकर गेल्यावर, दाणे भरताना. तेव्हा ००:००:५०. नाल्यात किंवा बंधाऱ्यात पाणी शिल्लक असेल तर इंजिन लावून दिलेलं एक पाणी सगळ्या फवारण्यांवर भारी, त्यामुळे डिझेलचे पैसे आधी बाजूला काढा.

वाल हा पानावरून खाण्यासाठीच जन्मल्यासारखा. पाणी द्यायची सोय नाही, जमीन दर आठवड्याला खाली-खाली सुकत जाते, मुळं ओलीच्या मागे खोल जातात आणि वरच्या थरातलं खत कोरडं पडून राहतं. कळ्या दिसू लागल्या की दोन टक्के डीएपीची निवळी किंवा युरिया, शेंगा भरताना दोन टक्के युरिया. दोनच फवारण्या, तिसरीचे पैसे निघत नाहीत.

भेंडी: विहिरीचं पाणी आठवड्याआड झालं की दर दहा-बारा दिवसांनी १३:००:४५ अर्धा टक्का, मधल्या एका वेळी शेवाळाचा अर्क. ताणात फळ लवकर जून होतं, धागा धरतं, वाकडं होतं, म्हणून तोडणी लांबवू नका. आणि पाणी इतकं कमी झालं की सगळा प्लॉट जगत नाही, तर निम्म्या सऱ्या सोडून द्या आणि उरलेल्यांना पुरेसं पाणी द्या. हा निर्णय जिवावर येतो. पण अर्धपोटी ठेवलेल्या अख्ख्या प्लॉटमधून निर्यातीची एक पेटीही निघत नाही.

आंबा: फळगळीवर पोटॅशियम नायट्रेट एक टक्का, फळ वाटाण्याएवढं असताना, गोटीएवढं असताना आणि अंड्याएवढं असताना, ही कोकणातली शिफारस. मोहोरापूर्वीचा ताण मात्र आंब्याला हवाच असतो, तेव्हा नोव्हेंबरात झाड सुकलेलं पाहून मदतीला धावू नका.

नवी मुंबई-ठाण्यात राहून मुरबाडकडे अर्धा-एक एकर घेतलेली मंडळी हल्ली बरीच आहेत. शनिवारी येतात, रविवारी जातात, आणि मेमध्ये त्यांची निम्मी कलमं वाळलेली असतात. त्यांच्यासाठी: फेब्रुवारीअखेर कलमांच्या आळ्यात पेंढ्याचं जाड आच्छादन, पश्चिमेच्या बाजूनं सावलीला झावळी, आणि महिन्यातून एकदा केओलिन पाच टक्के, नवी पालवी फुटली की पुन्हा. मुळाशी मडकं पुरून ते दर शनिवारी भरलं तर आठवडा निघतो. तुमच्या फवारणीनं कलम जगलं असं गावातले म्हणणार नाहीत, मडक्यामुळे जगलं म्हणतील, आणि ते बरोबरच म्हणतील.

पाऊस आला, पाणी मिळालं, त्यानंतर

लगेच फवारू नका. माती भिजल्यावर मुळांना नवी केसमुळं फुटायला दोन-तीन दिवस लागतात. भातात पाणी साठलं की राहिलेला युरियाचा हप्ता आधी जमिनीतून द्या. त्यानंतर पान अजून फिकटच असेल तर १९:१९:१९ अर्धा ते एक टक्का, एकदा. भेंडीत पहिल्या पाण्यानंतर कोवळी फूट एकदम येते आणि तिच्यावर तुडतुडे, मावा तुटून पडतात. त्या आठवड्यात खताची नाही, किडीची पाहणी जास्त करा.

पहिल्या फवारणीच्या दिवशीच शेताच्या मधल्या भागात एक गुंठा दोरीनं आखून कोरा ठेवा. बांधाकडेचा नको, तिथं ओल वेगळी असते. उरलेल्या सगळ्याला फवारा, त्या गुंठ्याला नाही. कापणीला तो गुंठा आणि शेजारचा फवारलेला गुंठा वेगळा झोडा, वेगळा वजन करा. फरकाच्या किलोंना यंदाचा भाव लावा, चाळीसनं गुणा म्हणजे एकराचा फायदा आला. त्यातून खत, स्टिकर आणि फवारणीची मजुरी वजा करा. काही उरत नसेल तर पुढच्या वर्षी ते पैसे बांधबंदिस्तीत घाला.